बिळात ओतलेलं पाणी

माघ सरत आला की आमच्या चिखलीच्या हवेत एक कोरडा वास भरतो. तुरीच्या खळ्यावरचा भुसा, उपटून रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांचं वंगण, आणि या सगळ्याच्या तळाशी सरकीचा तेलकट, उबट वास. लोकांना तो आवडतो. हंगाम घरी आला, असं म्हणतात. मला तो आला की कपाळाची शीर उडायला लागते.

काल सकाळी परसात गेले तर तुळशीच्या मागं मातीचा ताजा ढीग. चाळणीनं चाळून टाकावी अशी भुसभुशीत माती, आणि शेजारी नारळ सहज आत जाईल एवढं भोक. घूस. माझी थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला पुढच्या आठवड्यात येते आहे, आणि तिच्यासाठी सारवून ठेवलेल्या खोलीची भिंत त्या भोकापासून दोन हातांवर. आमचे हे ओसरीवर चहा पीत होते. त्यांना सांगितलं. त्यांनी कपातून तोंड वर न काढता म्हटलं, "दोन-चार घागरी पाणी ओत बिळात. जातीन."

मी तिथंच उभी राहिले. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. याच सुरात, याच बेफिकिरीनं, अशाच कुणीतरी ओसरीवर बसून म्हटलेलं. वीस-एक वर्षं झाली त्याला. पण राग असा काही ताजा निघाला की मी त्यांच्या पुढ्यातली रिकामी कपबशी उचलली आणि म्हटलं, "घागर मोरीत आहे. दोर खुंटीला आहे." ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे.

ज्यांनी घूस पाहिलेली नाही त्यांना वाटतं, जरा मोठा उंदीर असेल. उंदीर कशाचा! मांजराच्या वाढत्या पिल्लाएवढं धूड, अंगावर राठ काळपट केस, जाड शेपूट, आणि अडवलं तर केस फुलवून गुरगुरणारं जनावर. उंदीर घरात शिरतो. घूस घराच्या खाली शिरते. जमीन आतून पोखरत जाते, आणि वर राहणाऱ्याला कळतं तेव्हा पायाखाली पोकळी झालेली असते.

माझं माहेर मेहकरचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. मोठे साहेब नागपूरला बसायचे आणि आमचे अण्णा मेहकरच्या कचेरीत कारकून. घर भाड्याचं, लांबट. पुढं ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकाची खोली, आणि सगळ्यात मागं एक अंधारी खोली, तिचं दार परसात उघडायचं. तीच बाळंतिणीची खोली. परसात एक शेवगा, आईचे मेथीचे आणि वांग्याचे वाफे, आणि त्या खोलीच्या भिंतीला टेकून पत्र्याची उतरती सपरी. आधी तिथं आमची गवऱ्या-लाकडं असायची. त्या वर्षी पौषात मला सासऱ्यांनी छकड्यातून माहेरी पोचवलं, आणि मी उतरून परसात गेले तेव्हा सपरी पत्र्यापर्यंत पोत्यांनी भरलेली होती. गवऱ्या उघड्यावर, लाकडं शेवग्याखाली.

"कोणाचे वं पोते?" मी आईला विचारलं.

"आबासाहेबांचे. सरकी हाय." आई चूल फुंकत होती. "चार दिवसांसाठी ठेवली म्हणतात."

आबासाहेब म्हणजे नदीपलीकडच्या गावचे मोठे जमीनदार. मेहकरात त्यांची उठबस सगळ्या साहेबांबरोबर. अण्णांना कचेरीत चिकटवताना त्यांनी शब्द टाकला होता, आणि ही गोष्ट अण्णा आम्हाला सणावारी ऐकवायचे. त्यांचा कापूस जिनात जायचा, सरकी परत यायची, आणि गावी नेईपर्यंत कुठंतरी ठेवायला हवी म्हणून त्यांनी अण्णांच्या परसाकडे बोट दाखवलं होतं. चार दिवसांची पोती पौषभर राहिली. माघातही राहिली. सरकीच्या मागं घुशी आल्या.

हे कळायला काही शहाणपण लागत नव्हतं. पोत्यांना खालून भोकं पडलेली दिसत होती. सपरीतून शेवग्याकडे, शेवग्याकडून वांग्याच्या वाफ्यात, आणि तिथून माझ्या खोलीच्या भिंतीकडे मातीच्या ढिगांची वाटच पडली होती. गल्लीतल्या बायका धुणं घेऊन जाताना कुंपणावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "सरकीमुळं हो बाई." सगळ्यांना कळत होतं. फक्त आमच्या ओसरीवर कळत नव्हतं.

ओसरीवर काका बसायचे. अण्णांचे थोरले भाऊ, नोकरीतून निवृत्त झालेले, तक्क्याला टेकून अडकित्त्यानं सुपारी कातरत. सल्ला देणं हे त्यांचं उरलेलं काम होतं. त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं, "बिळात पाणी ओता. गुदमरून बाहेर येतीन, नाहीतर पळून जातीन." अण्णांनी मान डोलावली. सकाळी दाढी करायला येणाऱ्यानं तेच सांगितलं, कचेरीतले दुसरे कारकून आले त्यांनीही तेच. जो यायचा तो ओसरीवर टेकायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, पाणी ओता.

आता ऐका, ते पाणी कुठून यायचं. गल्लीच्या खालच्या टोकाला एक विहीर. माघात तिचं पाणी इतकं खाली गेलेलं असायचं की पोहरा सोडला तर दोर संपत यायचा. आई पोहरा ओढायची, घागर भरायची, एक डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चढ चढून परसात यायची, आणि एवढ्या कष्टानं आणलेलं पाणी एका भोकात ओतायची. गटगट आवाज यायचा. मग शांतता. मग पुन्हा विहीर. प्यायचं, स्वयंपाकाचं, आंघोळीचं आणायचंच होतं, त्यावर हे घुशींचं. मी पोटुशी, दिवस भरत आलेले, मला घागर उचलू द्यायची नाही ती. मी दारात बसून बघायची. तिच्या तळहातांवर दोराचे वळ उठून त्यांची सालं निघत होती. मी तेल लावून द्यायची तर म्हणायची, "राहू दे, आत्ता पुन्हा जायचं हाय."

आणि ओसरीवरून काका विचारायचे, "ओतलं काय वं पाणी? पुरतं ओतलं पाहिजे बरं. अर्धवट ओतल्यानं काही होत नाही."

पुरतं! त्या माणसानं उभ्या आयुष्यात स्वतःच्या आंघोळीचं पाणी स्वतः काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा ढीग असायचाच. एकीकडून पाणी शिरलं की घुशी दुसरीकडून सपरीत जायच्या, पोत्यांखाली कोरड्या बसायच्या, आणि पाणी ओसरलं की परत. ओल्या मातीत त्यांना खणायला उलट सोपं झालं होतं. माझ्या खोलीची जमीन ओलसर व्हायला लागली. सारवण वाळेना. कोपऱ्यात मोरीपाशी पाय ठेवला की जमीन किंचित दबायची. मी हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे पाणी आतपर्यंत पोचून राह्यलं. काम होऊन राह्यलं."

मग काकांनी मिरच्यांची धुरी सुचवली. आईनं बिळाच्या तोंडाशी निखारे ठेवून वर सुक्या मिरच्या टाकल्या. धूर घुशींकडे गेला की नाही देव जाणे, माझ्या खोलीत मात्र पुरता आला. मी खोकून खोकून पोट धरून परसात आले आणि शेवग्याला धरून उभी राहिले. ओसरीवरही थोडा धूर गेला असावा, कारण तो उपाय लगेच बंद झाला. काका म्हणाले, सोमल आणू, विष घालू. तिथं मात्र आई पदर सावरून माजघराच्या दाराशी आली आणि आतूनच म्हणाली, "घरात तान्हं येणार हाय. विष आणू देणार नाही मी." थोरल्या दिरासमोर तिनं एवढं मोठं वाक्य बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. काका रागावले. दोन दिवस जेवताना मीठ कमी आहे, भाकरी कडक आहे, असं चाललं होतं.

विष नको, तर मग काय करायचं, हे आईला ठाऊक होतं. तिनं ते एका दुपारी अण्णांच्या पानात भाजी वाढताना सांगितलं. मी तिथंच भिंतीला टेकून बसले होते.

"आबासाहेबांले म्हणा नं, पोते घेऊन जा म्हणून. पोते गेले की घुशी जातीन."

अण्णांनी घास हातातच धरला. "काय म्हणू मी त्यांले? एवढ्याशा घुशींसाठी तुमचे पोते उचला म्हणू?"

"पोरीचं बाळंतपण हाय म्हणा."

"बायकांच्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगू काय त्यांले? त्यांच्या शब्दावर मी कचेरीत बसलो हाय. तू पाणी ओतून राह्यली नं? मंग ओत."

आईनं भाजीचं भांडं खाली ठेवलं आणि ती चुलीपाशी जाऊन बसली. मला अजून आठवतं, अण्णांनी ताटातली भाकरी मोडून नीट चावून खाल्ली. ते दुष्ट नव्हते. मला जत्रेतून बांगड्या आणायचे, आजारी पडले तर कपाळावर हात ठेवून बसायचे. पण आबासाहेबांना एक वाक्य बोलण्यापेक्षा आईनं महिनाभर विहीर उपसणं त्यांना सोपं वाटत होतं. कुणाला सोपं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आजही कित्येक घरी पडत नाही. काल माझ्या घरी पडला नव्हता.

त्या दिवसांत सरकारी आरोग्याचा एक माणूस गल्लीतून फिरत होता. प्लेगची भीती सगळ्यांच्या मनात असायची, त्यामुळे उंदीर कुठं मरून पडलेत का, ते बघायला असे लोक यायचे. तो परसात आला, ढीग बघितले, भोकं बघितली, आणि सपरीपाशी जाऊन एका पोत्यावर थाप मारली. माझा जीव हलका झाला. म्हटलं, आता हा बोलेल. सरकारचा माणूस आहे, ह्याला कुणाची भीती?

"कोणाचा माल हाय हा?" त्यानं विचारलं.

अण्णांनी आबासाहेबांचं नाव सांगितलं.

त्यानं हात मागं घेतला. धूळ झटकली. इकडं तिकडं बघितलं, आणि त्याची नजर शेवग्याखाली पडलेल्या भाजीच्या देठांवर गेली. मग तो आईकडे वळून, चांगला खडसावून म्हणाला, "बाई, हा कचरा लांब नेऊन टाकत जा. घाणीनं येतात घुशी. बिळांत पाणी ओतत जा."

अण्णा त्याला चहा प्यायला ओसरीवर घेऊन गेले. आईनं वाकून ती मेथीची देठं वेचली. चार काड्या असतील. मी दारात बसले होते, आणि त्या वेळी मला पोटातल्या बाळानं असा काही पाय मारला की मी ओरडलेच.

फाल्गुन लागता लागता मला मुलगी झाली. बाळंतपण कठीण गेलं, पण निभावलं. गोरी, डोक्यावर भरपूर जावळ, आणि रडण्याचा आवाज असा की ओसरीपर्यंत जायचा. काकांनी तिथूनच विचारलं, "काय झालं?" आणि उत्तर ऐकून पुन्हा अडकित्ता हातात घेतला. पाचवी पुजली. खोलीत शेपाची धुरी, बाजेखाली शेगडी, भिंतीत ओल, आणि पाठीखाली, जमिनीत, सारखा खरवडल्याचा आवाज. मी आईला म्हणायची, "ऐक, खालीच आहेत." ती कान लावून ऐकायची आणि तोंड घट्ट मिटून बाहेर जायची, घागर घेऊन.

पाचवी झाल्यावर एक-दोन दिवसांतली गोष्ट. दुपारची वेळ. आईनं बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली आणि गोधडीच्या घडीवर जमिनीवर ठेवलं. पाळण्यात अजून घातलं नव्हतं, पाळण्यात बारशालाच घालतात. बाळ पाय उघडे टाकून निवांत झोपलं होतं. आई न्हाणीची बादली ओतायला बाहेर गेली. मी बाजेवर पडले होते, डोळा लागत होता.

मोरीपाशी जमीन हलली. आधी वाटलं, मला चक्कर येते आहे. मग सारवणाचा पापुद्रा वर उचलला गेला, फुटला, आणि त्या ओल्या, मऊ झालेल्या मातीतून आधी नाक, मग डोकं, मग ते सगळं काळं धूड वर आलं. अंग झाडलं. तेलाच्या आणि दुधाच्या वासानं ते सरळ गोधडीकडे गेलं. बाळाच्या पायाशी. मी बाजेवरून उठले नाही, पडले. पडता पडता शेजारचा तांब्या हाताला लागला तो फेकला. लागला नाही. तेवढ्यात बाळाची किंकाळी आली. मी हातानंच ते जनावर धरलं, मानेला की पाठीला कळत नव्हतं, आणि भिंतीवर आपटलं. ते गुरगुरत फिरलं आणि त्याच भोकातून खाली गेलं. माझ्या हातात राठ केस राहिले. गोधडीवर रक्त. बाळाच्या डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचा टोकाचा तुकडा नव्हता.

आई धावत आली. तिनं बाळाकडे बघितलं, भोकाकडे बघितलं. गरम पाण्यानं पाय धुतला, हळद दाबून भरली, धुतलेल्या लुगड्याची चिंधी बांधली, बाळाला माझ्या छातीशी दिलं आणि शेजारणीला हाक मारून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवायला पाठवलं. मग तिनं कोपऱ्यातला पाटा उचलून त्या भोकावर आडवा टाकला. तो पाटा एरवी दोन बायका मिळून हलवायच्या.

आणि मग ती परसात गेली. मी खोलीच्या दारातून बघत होते, बाळ छातीशी घेऊन. आईनं पदर कमरेला खोचला. शेणाचं मोठं टोपलं घेतलं. सपरीतली पोती कुरतडून इतकी फाटली होती की उचलता येतच नव्हती. ओढलं की सरकी खाली. तिनं टोपलं भरलं, डोक्यावर घेतलं, आणि परसाचं दार उघडून गल्लीत नेऊन ओतलं. परत आली. पुन्हा भरलं. घागरी आणत होती तशीच, त्याच चालीनं, फक्त आता उलट्या दिशेनं. पोत्यांखालून घुशी निघून इकडंतिकडं पळत होत्या. तिनं पाय वाचवला नाही की दचकली नाही.

गल्लीतली एक गाय आली. मग म्हशी आल्या. मग कुणाचीशी वासरं. भर उन्हात सगळ्या गल्लीची गुरं आबासाहेबांची सरकी खात होती, आणि बायका दारांत उभ्या राहून तोंडाला पदर लावून बघत होत्या.

काका ओसरीवरून उठून पहिल्यांदाच परसात आले. "अवं, काय करून राह्यली तू! लोकाचा माल हाय तो! काय उत्तर द्यायचं त्यांले?"

आईनं डोक्यावरचं टोपलं तसंच धरलं. थोरल्या दिराकडे सरळ बघितलं. "भावजी," ती म्हणाली, "तुम्ही पाणी ओता. मी सरकी काढते."

संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले तेव्हा सपरी रिकामी होती. फाटकी पोती घडी करून भिंतीशी ठेवलेली. अण्णा आधी सपरीकडे गेले, मग माझ्या खोलीकडे. क्रम हाच होता. आधी सपरी, मग बाळ.

बाळाला ताप चढला. डॉक्टर येऊन जखम धुऊन गेले, औषध दिलं, आणि म्हणाले, बघू. त्या 'बघू'त आम्ही दोघी जगलो. आई तिला मांडीवरून खाली ठेवेना. अण्णा येऊन दारात उभे राहायचे, काहीतरी विचारायचे, जायचे. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण ती काळजी बाळाची होती की सरकीची, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. ताप उतरला. बोट तेवढंच आखूड राहिलं.

दोन दिवसांनी आबासाहेब आले. पांढरा फेटा, हातात काठी. अण्णा ओसरीवर उभे, हात जोडलेले. मी माजघराच्या दारामागून ऐकत होते. अण्णा म्हणत होते, "बायकांची बुद्धी. पोरीले लागलं म्हणून डोकं फिरलं तिचं. माफी असावी."

आबासाहेब हसले. मोठ्या माणसाला छोट्या गोष्टीचा राग येत नाही हे दाखवणारं ते हसणं. "असू द्या हो. गुरांनीच खाल्ली, वाया नाही गेली. पोर बरी हाय नं?"

"हाव, बरी हाय. पायाचं बोट थोडं..."

"बोटच नं?" आबासाहेब म्हणाले. "पोरीची जात. पुढं जोडवं घातलं की झाकून जाईन."

आणि अण्णा हसले. काकाही हसले. माझ्या पोरीचं रक्त अजून गोधडीवरून निघालं नव्हतं.

मी लेकीच्या लग्नात तिच्या पायांत जोडवी घालताना ते बोट बघितलं. जोडवं बोटात ठरत नाही, पुढं सरकतं. तिला चालताना टोचतं, म्हणून ती त्या पायात घालतच नाही. सासरी कुणी विचारलं तर सांगते, "घूस चावली होती," आणि हसते. तिला हसू येतं, याचं मला बरं वाटतं. मला येत नाही.

सरकी गेल्यावर घुशी गेल्या. दोन-चार दिवस खणल्याचे आवाज आले, मग कमी झाले, मग बंद. आईनं सगळी बिळं उकरून त्यांत दगड, विटांचे तुकडे आणि फुटक्या बांगड्यांच्या काचा ठोकून भरल्या, वर माती दाबली. पाण्याचा एक थेंब ओतला नाही. माझ्या खोलीची जमीन पुन्हा टणक झाली.

बारसं झालं. माझ्या सासरची माणसं चिखलीहून आली होती. बायका आत पाळण्याशी, पुरुष ओसरीवर जेवायला बसलेले. कुणीतरी घुशींचा विषय काढला आणि काका वरणात भात कालवत म्हणाले, "फार त्रास दिला हो त्यांनी. पण शेवटी पाण्यानंच गेल्या. म्या आधीपासून सांगतलं होतं, पुरतं पाणी ओता."

अण्णा म्हणाले, "हाव, पाण्यानंच."

आई माजघरातून पोळ्यांचं ताट घेऊन निघाली होती. ती एक क्षण थांबली, आणि मग वाढायला गेली. मी पाळण्याची दोरी सोडली आणि दारात आले. सगळ्या पुरुषांपुढं. बाळंतीण असं येत नाही, हे मला ठाऊक होतं.

"काका, पाण्यानं नाही गेल्या. पाण्यानं जमीन मऊ झाली म्हणून वर आल्या. सरकी गेली तवा गेल्या. अन् सरकी माझ्या आईनं बाहेर टाकली."

कुणी जेवेना. मग अण्णा माझ्या सासऱ्यांकडे बघून म्हणाले, "अंग कच्चं हाय अजून तिचं. आत नेऊन निजवा तिले." आणि कुणीतरी तूप मागितलं, आणि पंगत पुढं चालू झाली.

पण त्या दिवसाचा खरा घाव पुरुषांनी नाही घातला. माझ्या सासूबाईंनी बाळाचा पाय हातात घेऊन चिंधी सोडली, बोट बघितलं, आणि आईला सगळ्या बायकांच्या देखत म्हणाल्या, "पुढचं बाळंतपण आमच्या घरीच करू. इथं पोरीवर लक्ष ठेवणारं कोणी नाही."

महिनाभर विहीर उपसलेल्या बाईला हे ऐकवलं गेलं. तिच्या तळहातावर अजून खपल्या होत्या. मी तोंड उघडलं तर आईनं माझा हात दाबला. सासूबाईंना म्हणाली, "बरं." एवढंच. आणि ते तसंच झालं. माझी पुढची सगळी मुलं चिखलीला झाली. माहेरी बाळंत व्हायला आलेल्या लेकीचं डोकं मांडीवर घेण्याचं सुख तिला एकदाच मिळालं, आणि तेही असं.

पुढच्या संक्रांतीला मी लेकीला घेऊन मेहकरला गेले. पोर उभी राहायला लागली होती. परसात पाऊल टाकलं आणि बघितलं, तर सपरी सारवलेली, लख्ख. मधोमध जातं मांडलेलं. आईनं ते स्वयंपाकाच्या खोलीतून तिथं आणलं होतं, आणि दुपारी तिथंच दळायला बसायची. दळण नसलं तरी बसायची. भिंतीला टेकून, पाय लांब पसरून. त्या घरात तिला पाय पसरून बसलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत गाडी येऊन थांबली. सरकीची पोती लादलेली. गाडीवान उतरून परसाच्या दारात आला आणि फेटा सारखा करत म्हणाला, "आबासाहेबांनं पाठवली, माय. चार दिवस ठेवा म्हनलं. कुठी उतरवू?"

आई दळत होती. जात्याचा आवाज थांबला नाही. "जागा नाही," ती म्हणाली.

अण्णा घरातच होते, सुट्टीचा दिवस. ते परसाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. गाडीवानानं त्यांच्याकडे बघितलं. अण्णांनी आईकडे बघितलं. "अवं," ते हळू आवाजात म्हणाले, "जातं जरा कोपऱ्यात घेतलं तर..."

आईनं मूठभर ज्वारी घेतली आणि जात्याच्या तोंडात सोडली. माझी पोर तिच्या गुडघ्याला धरून उभी होती, पीठ उडताना बघत होती.

मग गाडीवान मागं फिरला. पण गल्ली अरुंद, गाडी भरलेली, चढ. बैल मागं सरेनात. त्यानं हाकारलं, शेपट्या पिरगाळल्या, चाक गटाराच्या कडेला जाऊन अडकलं. शेवटी त्यानं बैल सोडले आणि दांडी खांद्यावर घेऊन गाडी फिरवायला लागला. एकट्याला हलेना. तो दाराकडे बघून म्हणाला, "साहेब, जरा हात लावता काय?"

अण्णा पायरीवर उभे होते. त्यांनी धोतराचा सोगा आवरला, बाह्या वर सारल्या, आणि गल्लीत उतरून त्या पोत्यांनी भरलेल्या गाडीला खांदा लावला. त्यांना धाप लागली, घाम फुटला, तळहात काळे झाले. गाडी इंचाइंचानं फिरली आणि उताराला लागली.

आई दळतच होती. तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.